बिलकिसआपाचं श्वासाचं शिक्षण

बिलकिसआपा औरंगाबादला काय शिकते, हे दुसरबीडमध्ये एकालाही नीट सांगता येत नव्हतं, आणि तरी सांगायचं कोणी थांबत नव्हतं. कडूबाकाका स्टँडवरच्या हॉटेलात बशीतला चहा ओढता ओढता सांगायचे, "हवा भराचं शिकून राह्यली ते. टायरात नाही बे, मानसात." शालूबाई नळावर सांगायच्या की नर्सच आहे ती, नाव लांब ठेवलं म्हणजे फी लांब घेता येते. तिचा चुलतभाऊ सकलैन मोबाइलवरून नजर न काढता "दम्याची डॉक्टर" म्हणून मोकळा व्हायचा. आणि आपा स्वतः? ती एकदा "रेस्पिरेटरी थेरपिस्ट" म्हणायची, समोरच्याचे डोळे रस्त्यावरच्या ट्रकमागे गेलेले पाहायची आणि मग सोपं करून सांगायची, "ज्याले श्वास घेता येत नाही, त्याले घ्यायले लावते."

"मंग पयले तुह्या बापालेच लाव ना," कडूबाकाका एकदा म्हणाले. हॉटेल हसलं. आपाही हसली. हसताना ती खालचा ओठ दाताखाली धरायची, म्हणजे ते हसणं होतं की दुसरं काही, हे ज्याचं त्यानं ठरवावं.

तिचे अब्बा म्हणजे निजामचाचा पिंजारी. आमची भिंत आणि त्यांचं पत्र्याचं शेड एकमेकांना टेकलेलं. शेडमध्ये पिंजायची मशीन. मशीन सुरू झाली की आमच्या फळीवरच्या ताटल्या बोलायला लागायच्या आणि आई न बघता सांगायची, निजामभाई आले. गादी, रजई, उशी, लग्नातली जाड दुलई, सगळं तिथंच भरलं जायचं. चाचा मशीनसमोर उकिडवे बसून कापसाचे पुंजके आत सरकवायचे, आणि पलीकडून कापूस उकळत्या दुधासारखा वर यायचा. संध्याकाळी चाचा बाहेर आले की भुवया पांढऱ्या, मिशी पांढरी, कानातले केस पांढरे. तोंड धुतलं की माणूस एकदम तरुण व्हायचा. मग खोकला यायचा आणि तो पुन्हा म्हातारा व्हायचा.

चाचांनी कधी कोणा पोरावर हात उगारला नाही, एक कारण सोडून. शेडमध्ये फुंकायचं नाही. गरम चहा फुंकायचा नाही, हातावरची धूळ फुंकायची नाही, शिट्टीसुद्धा नाही. फुंकलं की पिंजलेला कापूस उडतो, मशीनच्या पट्ट्यात जातो, आणि पट्टा तापलेला असेल तर पेट घेतो. त्यांच्या वालिदांचं, म्हणजे वडिलांचं, शेड असंच जळालं होतं म्हणतात. त्यामुळे त्या घरात चूलसुद्धा पंख्यानं पेटवत, फुंकणी नव्हतीच. आपा लहानपणी माझ्या वाढदिवसाला आमच्या घरी आली, तर केकवरच्या मेणबत्त्या तिनं चिमटीनं विझवल्या होत्या.

आता बीटीचं सांगतो, कारण ते आल्याशिवाय ही गोष्ट पुढे जात नाही. बीटी कपाशीचं बियाणं नवं होतं तेव्हा दुकानदार, जीपवर भोंगा लावणारे, कृषीवाले, सगळे एका सुरात सांगायचे: अळी येणार नाही, फवारणी वाचेल, शेतकरी सुखी होईल. कडूबाकाका त्या भोंग्याची अजून नक्कल करतात, "शेतकरी बंधूंनो" मधला "बंधूंनो" इतका लांबवतात की त्यात एक बिडी ओढून व्हावी. काही वर्षं खरंच बरी गेली. मग गुलाबी बोंडअळी आली. "तिलेबी बीटीच आवडलं," काका म्हणतात. फवारण्या वाचल्या नाहीत, वाढल्या. ज्या वर्षी आपा शिकायला गेली त्या वर्षी तर बोंडं उमललीच नाहीत, दगडासारखी झाडावर राहिली. फोडून काढलेला कापूस पिवळा, काळपट, चिकटलेला. त्याला कवडी म्हणतात. चिखलीच्या बाजारात व्यापारी कवडीचं गाठोडं सोडूनही बघेना, काठीनं टोचायचा आणि पुढच्या गाडीकडे जायचा.

मग ती कवडी गेली कुठं? आमच्या भिंतीपलीकडे. विकली जात नाही तर निदान गाद्या भरून घेऊ, म्हणून लोक पोत्यांनी घेऊन आले. कोणी पिंजून घेऊन गेलं, कोणी चाचांनाच देऊन टाकली. असा धंदा चाचांनी जन्मात पाहिला नव्हता. शेड पहाटेपासून चालू. कवडीतून निघणारी धूळ पांढरी नव्हती, तपकिरी होती, आणि तिला फवारणीच्या औषधाचा वास होता. आमची आई खिडकीला ओलं फडकं लावायची. फडकं संध्याकाळी पिळलं की चहासारखं पाणी निघायचं.

आपाची फी त्या धुळीतून जात होती. हे गावाला माहीत होतं आणि गाव ते बोलून दाखवत होतं. पोतं उतरवता उतरवता कडूबाकाका म्हणाले, "आमची कपाशी मेली म्हनून तुही पोरगी सायबीन होऊन राह्यली, निजामभाई." चाचांनी पोत्याचं दुसरं टोक धरलं आणि म्हणाले, "हो ना भाऊ. अल्लाकडं इनसाफ नाही असं कसं म्हनू." दोघंही हसले, पण दोघांनी एकमेकांकडे पाहिलं नाही.

औरंगाबादला आपाचं शिक्षण खासगी कॉलेजात, हॉस्पिटलला लागून. सुट्टीत ती यायची आणि काय काय शिकली ते सांगायची. रबराच्या बाहुल्याच्या घशात नळी घालायची. ऑक्सिजन किती सोडायचा. पाठीवर वाटीसारखा हात करून थापट्या मारायच्या, म्हणजे आतला कफ सुटतो. यातल्या थापट्या आयशाचाचीला, म्हणजे तिच्या आईला, अजिबात आवडल्या नाहीत. त्यासाठी कॉलेज कशाला, मी तुला फुकट मारत होते, असं तिचं म्हणणं.

सगळ्यात अवघड गोष्ट आपाला भलतीच वाटायची: ओरडणं. फुप्फुसाची एक तपासणी असते. छाती भरून श्वास घ्यायचा आणि नळीत एका दमात, जोर लावून, शेवटच्या कणापर्यंत फुंकायचं. संगणकावर रेघ उमटते, ती सांगते फुप्फुस किती शिल्लक आहे. माणूस आपणहून तेवढं कधीच फुंकत नाही. म्हणून शेजारी उभं राहून त्याच्यावर ओरडावं लागतं. तिच्या मॅडम पुण्याच्या. त्या बोलताना शब्द असे सुटे सुटे ठेवायच्या जणू प्रत्येकाला घडी घालून इस्त्री केली आहे. "बिलकिस, हे काय गं? तू पेशंटला विनंती करतेयस. विनंती नाही करायची. फुंका, फुंका, फुंका, फुंका. असं. पोटातून." वर्गातली पोरं तिच्या "मले" आणि "तुले"ला हसायची, म्हणून ती आधीच हळू बोलायची. आणि त्यात हिला ओरडून काय सांगायचं, तर फुंका. जी गोष्ट केली की घरात मार बसायचा तीच.

तरी ती शिकली. दिवाळीच्या सुट्टीत आमच्या मागच्या अंगणात येऊन सराव करायची, शेडपासून लांब. कोंबड्या पळायच्या. रस्त्यावरचे लोक थांबून विचारायचे, काऊन, काय झालं? आयशाचाची सांगायची, काही नाही, पोरगी अभ्यास करून राह्यली.

त्याच सुट्टीत एका दुपारी आपानं स्टेथोस्कोप चाचांच्या पाठीला लावला. चाचा रजईला टाके घालत बसले होते, कडूबाकाका उसाच्या कांड्या सोलत समोर. आपा बराच वेळ ऐकत राहिली. इथं लावला, तिथं लावला, श्वास घ्या म्हणाली, सोडा म्हणाली.

"काय म्हनते?" चाचांनी विचारलं.

"सीटी वाजते, अब्बा."

"पट्टा ढिला असन मशीनचा."

"मशीन बंद हाय."

कडूबाकाकांनी तोंडातला चोथा थुंकला. चाचा टाके घालत राहिले. मग आपानं सगळं सांगितलं, हळू, इस्त्री केलेल्या शब्दांत नाही, आपल्या शब्दांत. ही धूळ आत जाऊन बसते. निघत नाही. जे गेलं ते परत येत नाही, जे उरलं ते वाचवायचं असेल तर शेडमध्ये पाय ठेवायचा नाही.

चाचांनी दोरा दातानं तोडला. "हे तुह्या कानाले वाटते, बेटा. कानाचं काय. औरंगाबादले घेऊन चल. तुह्या मशीननं सांगितलं, तर माही मशीन बंद. जबान."

पिंजाऱ्यानं कडूबाकाकांसमोर दिलेली जबान म्हणजे स्टँडवर भोंगा लावून सांगितल्यासारखीच. आयशाचाची आतून बाहेर आली. ती चाचांना काही बोलली नाही, आपाकडे पाहून बोलली. म्हणाली, मशीन बंद झाली तर तुह्या फिया कोन भरन, ते सांग. इकडून बाप जाते, तिकडून कॉलेज जाते. तुले काय पायजे ते नीट ठरव अन् मंग घेऊन जाय.

आपानं खालचा ओठ दाताखाली धरला. या वेळी ते हसणं नव्हतं.

ती घेऊन गेली. पुढचं मी तिघांकडून ऐकलं आहे, चाचांकडून, चाचीकडून आणि आपाकडून. तिघं वेगळं सांगतात, पण भांडणाइतकं वेगळं नाही.

तपासणीची खोली लहान, थंड. चाचांनी ईदचा सदरा घातलेला. आपानं आधीच मॅडमना सांगून ठेवलं होतं की वडील आहेत, आणि मॅडम म्हणाल्या होत्या, छानच, मग त्यांची तपासणी तूच कर, बाकीचे बघतील. म्हणजे परीक्षाच. भिंतीला टेकून वर्गातली पोरं. चाची बाहेर बाकावर. नाकाला चिमटा लावला, नळी तोंडात दिली. चाचांनी श्वास घेतला. आपा म्हणाली, फुंका. आणि चाचांनी, ज्या हळुवारपणे माणूस झोपलेल्या बाळाच्या डोळ्यावरची माशी उडवतो, तितकं फुंकलं.

पुन्हा. पुन्हा तेच. आपाचा आवाज चढला, मॅडमसारखा पोटातून निघाला, फुंका फुंका फुंका, आणि चाचांचे गाल जरासे फुगून खाली बसले. पोरं हसायला लागली. मॅडमनी घड्याळ पाहिलं. "होतं असं. काही पेशंट सहकार्य करतच नाहीत. लिही, प्रयत्न अपुरा, निष्कर्ष काढता येत नाही. आणि पुढचा बोलाव."

तिथं ते थांबलं असतं. आपाला फक्त तेवढं लिहायचं होतं. मशीननं काहीच सांगितलं नसतं, जबान मोडली नसती, शेड चालू राहिलं असतं, फी भरली गेली असती, शेवटचं वर्ष पार पडलं असतं. चाची बाहेर बाकावर दुवा मागत होती. कशाची, ते तिनंच मला सांगितलं: "का ते मशीन बिघडली पायजे. बंद पडली पायजे. माह्या पोरीची इज्जतबी राह्यते, शिक्षनबी राह्यते."

आपानं पेन हातात घेतलं. आणि मग तिला दिसलं की अब्बा नळीकडे बघतच नाहीत. ते बघत होते टेबलाच्या खालच्या फळीकडे. तिथं स्टीलचं मोठं भांडं होतं, हॉस्पिटलात असतं तसं, कापसाच्या बोळ्यांनी काठोकाठ भरलेलं. झाकण नव्हतं.

तिनं विचारलं, काय झालं अब्बा.

चाचांनी नळी तोंडातून काढली आणि, भरल्या खोलीत पोरीची चूक सांगायची म्हणून आवाज अगदी खाली आणून म्हणाले, "बेटा, कापसाजवळ फुंकत नसते."

पोरं आता मोकळेपणी हसली. मॅडमनाही हसू आलं, "अहो काका, हा हॉस्पिटलचा कापूस आहे." चाचांनी मान डोलावली. पण त्यानं काय होतं. ती छाती आयुष्यभर कापसासमोर श्वास जपून सोडायला शिकली होती, ती एका वाक्यानं कशी विसरणार.

आपानं पेन खाली ठेवलं. भांडं उचललं, दार उघडलं आणि बाहेर बाकावर बसलेल्या चाचीच्या मांडीवर ठेवलं. चाचीनं वर पाहिलं. आपानं तिच्याकडे पाहिलं. दोघींना कळत होतं हे भांडं बाहेर आल्यावर काय होणार. चाची म्हणते, "मी भांडं धरून बसली. दुसऱ्याची अमानत असते ना."

मग दार लागलं आणि चाचीला आतून स्वतःच्या पोरीचा आवाज ऐकू आला. तो मॅडमचा आवाज नव्हता. शेडची मशीन चालू असताना तिच्यावरून ओरडून रस्त्यापलीकडच्या माणसाला हाक मारावी, तो आवाज. "फुका अब्बा. लावा जोर. सोडू नोका, सोडू नोका, अजून, अजून, अजून."

चाचांनी फुंकलं. डोळे बाहेर येईपर्यंत फुंकलं. मग खोकल्याची अशी उबळ आली की त्यांना खुर्चीचा हात धरावा लागला. कोणी हसलं नाही. रेघ डोंगरासारखी वर जायला हवी होती, ती वारुळाएवढी उठली आणि बसली. आणखी दोनदा केलं. दोन्ही वेळा वारूळच.

"व्हेरी गुड," मॅडम म्हणाल्या. सगळ्या शिक्षणात त्यांनी आपाला म्हटलेलं पहिलं गुड. "बघा, याला म्हणतात पेशंटकडून प्रयत्न काढून घेणं."

डॉक्टरांनी रेघ पाहिली, काम विचारलं, आणि मान न उचलता सांगितलं की हे काम बंद करा. चाचांनी डॉक्टरांकडे नाही, आपाकडे पाहिलं. "काय म्हनते तुही मशीन?"

आपाला अजूनही काही सांगता आलं असतं. तिनं खरं सांगितलं. चाचांनी टोपी घातली आणि म्हणाले, "मंग बंद."

दुसऱ्या दिवशी आमच्या ताटल्या गप्प राहिल्या. मी सकाळी उठलो आणि घर आजारी पडल्यासारखं वाटलं. चाचांनी पट्टा काढून गुंडाळला. भरायला आलेल्या गाद्या ज्याच्या त्याच्या घरी पोचवल्या, काही अर्ध्याच भरलेल्या. शालूबाईंच्या लेकीचं, राखीचं, लग्न तोंडावर आलं होतं. त्यांनी अर्धी गादी चाचांच्या दारात आडवी टाकून विचारलं की यावर अर्धा नवरदेव झोपवायचा का.

मशीन सकलैननं घेतली. पुतण्याच तो, परका नाही, म्हणून पैशांचा विषय निघाला नाही. त्यानं ती समोरच, रस्त्याच्या पलीकडे, उघड्या छपराखाली बसवली, कारण धंदा होता आणि गिऱ्हाइकांना रस्ता माहीत होता. कवडी येतच होती. चाचा आता घरासमोर खुर्ची टाकून बसायचे आणि दिवसभर स्वतःच्या मशीनचा आवाज ऐकायचे. वारा पश्चिमेकडून असला की धूळही इकडेच यायची. आपानं सकलैनला सांगून पाहिलं. तो म्हणाला, "वाऱ्याले मी काय सांगू, आपा?"

आपाचं शेवटचं वर्ष सुरू झालं आणि संपलं, तिच्याशिवाय. हॉस्पिटलात एक वर्ष काम करायचं असतं, ते केल्याशिवाय कागद मिळत नाही, आणि आधीची फी भरल्याशिवाय ते काम करू देत नाहीत. चाची माहेरी जाऊन आली, आपा कुठं कुठं अर्ज करून आली. त्या दिवसांत कपाशीवाल्यांच्याच घरात काही नव्हतं, पिंजाऱ्याला उसनं कोण देणार. मॅडमचा एकदा फोन आला. आपा ते संभाषण सांगते तेव्हा मॅडमच डोळ्यांसमोर उभ्या राहतात: "बिलकिस, तू खरंच खूप चांगली विद्यार्थिनी होतीस गं." आपा म्हणते, "त्या 'होतीस'वर थांबल्या नाहीत. मीच थांबली."

आता ती चिखलीच्या एका खासगी दवाखान्यात आहे. सकाळच्या एसटीनं जाते. तिथं व्हेंटिलेटर आला तेव्हा तिनं विचारलं होतं, मी बघू का. तर डॉक्टरांनी विचारलं, कागद आहे का? नाही म्हटल्यावर ते काम कंपनीनं पाठवलेल्या एका पोराला दिलं. आपाकडे दम्याच्या पेशंटना वाफ द्यायचं काम आहे. पेशंट तिला वाफवाली म्हणतात. "ओ वाफवाली, माहा नंबर कव्हा?" ती उत्तर देते, आणि आता हळू बोलत नाही. फवारणी करून छाती भरलेले येतात, जिनिंगमधल्या बाया येतात. प्रत्येकाला ती विचारते, काम काय करता. डॉक्टर म्हणतात, ते तुला कशाला हवं.

गावाचं ठरलेलं आहे. नळावर शालूबाई सांगतात, पोरगी शिकली अन् बापाले घरी बसवलं. हॉटेलात कडूबाकाका सांगतात, स्वतःच्याच बापावर परीक्षा दिली, पास झाली अन् नापास झाली. हे वाक्य त्यांना फार आवडतं, ते रोज सांगतात. मीही त्यांच्या आवाजात सांगून हसवलं आहे लोकांना. चाचांसमोर मात्र नाही.

परवाच्या रविवारी मी चाचांकडे बसलो होतो. आपा दवाखान्यातून जुनं झालेलं वाफेचं यंत्र घेऊन आली होती, ते लावत होती. समोर सकलैनची मशीन चालू. चाचा बरेच दिवस काही विचारायचं ठेवून बसल्यासारखे वाटत होते. शेवटी बोलले, मधे मधे थांबत, कारण आता पूर्ण वाक्य एका दमात होत नाही.

"बेटा. त्या दिवशी. मी नसतं फुकलं, तर?"

आपा औषध मोजत होती. "तर तुमची मशीन चालू राह्यली असती."

"अन् तुही?"

आपानं बटण दाबलं, वाफ आली का पाहिली.

"तुले मालूम होतं," चाचा म्हणाले. "ते भांडं बाहेर नेताना. मालूम होतं ना तुले?"

आपानं मास्क त्यांच्या नाकातोंडावर बसवला आणि रबर डोक्यामागं ओढून नीट केलं. मास्क लागला की बोलता येत नाही.